आठ बेस घेतलास, आता मशीन विचारतोस?

गेल्या आठवड्यात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका पोराचा फोन आला. "काका, अठराचे आठ बेस घेतलोय. मशीन कुठलं घेऊ सांगा की." आमच्याकडे अँप्लिफायरला मशीन म्हणतात आणि अठरा इंची सबवूफरच्या खोक्याला बेस. मी विचारलं, प्रोसेसर कुठला आहे? पलीकडं थोडा वेळ शांत. मग म्हणाला, "मिक्सरलाच क्रॉसओव्हर लावलोय, चालतंय की."

चालतंय खरं. माझंही तीन वर्षं चाललं होतं. प्रोसेसर म्हणजे मिक्सर आणि मशीनच्या मध्ये बसून आवाज वाटणारा, छाटणारा आणि मर्यादेत ठेवणारा डबा. क्रॉसओव्हर फक्त बेसचा आणि टॉपचा, म्हणजे वरच्या स्पीकरचा, आवाज वेगळा करतो. फोनवर त्याला अर्धा तास सांगितलं, पण अशी गोष्ट फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी माझ्याबद्दल थोडं. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मी अकरा वर्षं फिटर होतो. आमच्या तात्यांचा साउंडचा धंदा वडगावात, आणि धंदा म्हणजे काय, दोन भोंगे, अहुजाचं एक मशीन आणि लग्नाचा हंगाम. तात्या भोंगे लिंबाच्या झाडाला बांधायचे आणि एकदा बांधले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्याकडं बघायचे नाहीत. काही जळायचं नाही, कारण त्या मशीनमध्ये काही जाळण्याएवढा दमच नव्हता. पुढं लोकांना भजनालासुद्धा छातीत ठोका बसायला हवा झाला आणि मी कर्ज काढून चार बेस केले. पोरगा करतोय तीच चूक तेव्हा केली. पैसे आधी बेसला, मग मशीनला, आणि उरलेच तर प्रोसेसरला. आज मला कुणी तेवढेच पैसे दिले तर मी उलट्या क्रमानं खर्च करीन. बेस चार ऐवजी दोन घेईन, पण प्रोसेसर पहिला घेईन.

याला कारण आहे पावनखिंड.

बेळगावची शिवजयंती वैशाखात, आणि तिची खरी मजा रात्रीच्या चित्ररथांत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड उभा राहतो, पोरं मावळे होतात, संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात. त्या वर्षी एका गल्लीच्या चित्ररथाला माझे चार बेस होते. देखावा पावनखिंडीचा. बाजीप्रभू जखमी, लढताहेत, आणि विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत देह ठेवायचा नाही. कार्यकर्त्यांनी तोफेचा आवाज इंटरनेटवरून उतरवला होता, एकदम दणदणीत. पहिली तोफ झाली, लोक ओरडले. दुसऱ्या तोफेला एका बेसमधून हातोडीनं पत्रा ठोकल्यासारखा आवाज आला. तिसऱ्या तोफेला दोन बेस धारातीर्थी पडले. बाजीप्रभूंना अजून दोन तोफा ऐकायच्या होत्या, त्या त्यांनी उरलेल्या दोन बेसवर ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी खोकी उघडली. कॉईल, म्हणजे स्पीकरमधलं तांब्याचं वेटोळं, जळालेली नव्हती. वास नाही, काळं पडलेलं नाही. एकाचा स्पायडर, म्हणजे कॉईलला मधोमध धरणारं कापड, फाटलेला, दुसऱ्याच्या कॉईलचं टोक मागच्या प्लेटवर आपटून चेपलेलं. मशीनवर ताण आला की लागणारा लाल दिवाही रात्री लागला नव्हता. म्हणजे वॅट जास्त झाले नव्हते आणि तरीही स्पीकर मेले होते. फिटर माणसाला हे कोडं झोपू देत नाही.

उत्तर खोक्याच्या भोकात होतं. आपले बहुतेक बेस पोर्टचे, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेले, असतात, आणि पोर्टचं खोकं एका ठराविक फ्रिक्वेन्सीला ट्यून असतं. माझी ३८ हर्ट्झची. त्या जागी पोर्टमधली हवा सगळं काम करते आणि कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, जवळजवळ स्थिर राहतो. त्याच्या खाली गेलं की खेळ उलटतो. आतल्या हवेचा दाब कोनला धरून ठेवत नाही, कोन मोकळा सुटतो. गाडी न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर दाबल्यासारखं. आवाज काहीच येत नाही, कोन मात्र पुढंमागं सैरावैरा पळतो. माझ्या स्पीकरची सुरक्षित हालचाल एका बाजूला नऊ मिलीमीटर. त्या तोफेच्या फाइलमध्ये वीस-पंचवीस हर्ट्झचा ढीग भरला होता. कानाला तो ऐकू येत नव्हता, कोनला मात्र सोसावा लागत होता.

यावर उपाय हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरलेल्या आकड्याखालचा आवाज कापणारा. लोक त्याला सबसॉनिक म्हणतात. ३८ च्या खोक्याला मी ३५ हर्ट्झवर २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा लावतो, म्हणजे त्याखाली फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की २४ डीबी कापणारा. २० हर्ट्झपर्यंत पोचेस्तोवर जवळजवळ २० डीबी कापले जातात, म्हणजे व्होल्ट दहावा हिस्सा उरतो. फोल्डेड हॉर्नच्या, म्हणजे आत भोंगा घडी घालून बसवलेल्या, खोक्यांनाही हाच नियम, हॉर्नच्या मर्यादेखाली तीही कोनला सोडून देतात. काही मशीनच्या पाठीमागं ३० हर्ट्झच्या फिल्टरचं बटण असतं, अगदीच काही नसेल तर निदान ते तरी दाबावं.

तुमचं खोकं कितीला ट्यून आहे हे सुताराला विचारू नका. त्यानं कुठल्या तरी कागदावरून १८ मिलीमीटरचं प्लाय कापलेलं असतं, आणि वर "साहेब, पोर्ट जरा मोठा केलोय, हवा चांगली जातीय" असं ऐकायला मिळतं. स्वतः बघा. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, अगदी हळू आवाजात ६० हर्ट्झपासून खाली या आणि कोनवर नजर ठेवा. एका ठिकाणी कोन थरथरायचा जवळजवळ थांबतो आणि पोर्टसमोर धरलेला कागद जास्तीत जास्त फडफडतो. तो आकडा खोक्याच्या पाठीवर मार्करनं लिहा.

पावनखिंडीनंतर मी प्रोसेसर घेतला. दोन इन सहा आउट, साधाच. वाटलं, झालं आता. पुढच्याच गणपतीला दुसरा धडा मिळाला, आणि तो जास्त महाग पडला.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी माझं मशीन बंद पडलं. एका मित्राचं आणलं, माझ्यापेक्षा भारी. केबल काढल्या, केबल लावल्या, प्रोसेसरला हातही लावला नाही, कारण लिमिटर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टच्या पुढं आवाज जाऊ न देणारी प्रोसेसरमधली सोय, सेट होताच की. संध्याकाळी सहाला मिरवणूक सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत मंडळाचे कार्यकर्ते येऊन पाठ थोपटून गेले. "यंदा बेस काय बसलाय दादा!" मीही फुगलो. साडेसातला बेस जरा पातळ वाटायला लागला. मिक्सरवरच्या पोरानं फेडर थोडा वर केला. आठला आणखी थोडा. नऊच्या सुमारास माझा बैलहोंगलचा हेल्पर ट्रॉलीवरून ओरडला, "अण्णा, वासनी बराकत्तैती!" वास यायलाय. तो वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही, जळक्या वार्निशचा, गोडसर. कपिलेश्वरच्या तलावापर्यंत आम्ही टॉपवरच गेलो. चारही कॉईल काळ्या.

काय झालं होतं ते कळायला मला मल्टिमीटर आणि एक रविवार लागला. माझ्या जुन्या मशीनचा गेन २६ डीबी, म्हणजे आत एक व्होल्ट दिला की बाहेर वीस. मित्राच्या मशीनचा ३२ डीबी, एकाचे चाळीस. लिमिटर होता १५ डीबीयूवर, म्हणजे प्रोसेसरमधून ४.३६ व्होल्ट निघाले की धरायचं. जुन्या मशीनवर त्याचे ८७ व्होल्ट व्हायचे, आठ ओहमच्या स्पीकरला साधारण साडेनऊशे वॅट. नव्या मशीनवर तेच १७४ व्होल्ट. व्होल्ट दुप्पट झाले की वॅट चौपट होतात. मशीन तेवढं देऊच शकत नव्हतं, त्यामुळं लिमिटरनं धरायच्या कितीतरी आधी मशीन स्वतः क्लिप होत होतं, म्हणजे ताकद संपून लाटेची टोकं कापत होतं, लाल दिवा रात्रभर नाचत होता आणि लिमिटर आरामात झोपला होता. पाठ थोपटली होती ती या सहा डीबीची.

आणि बेस पातळ का झाला? कॉईल तापल्यामुळं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. कॉईल दोनशे अंशांनी तापली की आठ ओहमचा स्पीकर चौदा ओहमच्या आसपास वागायला लागतो, तेवढ्याच व्होल्टला कमी वॅट ओढतो आणि आवाज बसतो. ऑपरेटरला वाटतं बेस कमी पडतोय, तो फेडर चढवतो, कॉईल आणखी तापते. बेसच्या खोक्यात शंभर वॅट घातले तर पाच वॅटसुद्धा आवाज होत नाहीत, बाकी सगळी उष्णता. घरातली इस्त्री हजार वॅटची असते. ती चार इंची कॉईलमध्ये बसवली आणि तीन तास चालू ठेवली, असं समजा. उद्यमबागेत भट्टीजवळ काम केलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं, पण पाठ थोपटली गेली की माणूस खुळा होतो.

तेव्हापासून मी वॅटमध्ये बोलत नाही, व्होल्टमध्ये बोलतो. पोराला तेच सांगितलं. त्याच्या स्पीकरच्या कागदावर १००० वॅट एईएस, म्हणजे त्या संस्थेच्या चाचणीप्रमाणं सतत सोसायचे, असं लिहिलंय. २००० प्रोग्राम आणि ४००० पीक असंही लिहिलंय, पण ते एकाच स्पीकरचे तीन फोटो आहेत, उंची तीच. मी पहिला आकडा धरतो. हजार गुणिले आठ ओहम, त्याचं वर्गमूळ, साधारण ८९ व्होल्ट. ठोक्याच्या क्षणभराच्या टोकाला स्पीकर याहून जास्त सोसतो, २००० च्या हिशेबानं १२६ पर्यंत. मी ११० ला थांबतो, कारण फाटलेले स्पायडर मी शिवले आहेत. हा जलद लिमिटर. दुसरा संथ लिमिटर उष्णतेसाठी, तो ६३ व्होल्टला, म्हणजे साधारण पाचशे वॅटला. हजारच्या स्पीकरला पाचशेच का, असं त्यानं विचारलं. कारण कंपनीची चाचणी दोन तासांची, पिंक नॉइझवर, म्हणजे एकसारख्या खरखरीवर. आपली मिरवणूक सहा तासांची, आणि गाण्यात ठोक्याला ठोका चिकटलेला, मध्ये श्वासाला जागा नाही.

जलद लिमिटरला अटॅक, म्हणजे आवाज पकडायला लागणारा वेळ, फार जलद ठेवू नका. ४० हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला २५ मिलीसेकंद लागतात, एक मिलीसेकंदाचा लिमिटर लाटेलाच कुरतडतो आणि बेस घरघरतो. ३५ च्या फिल्टरला मी १६ मिलीसेकंद अटॅक आणि त्याच्या सोळा पट, २५६, रिलीज, म्हणजे सोडायचा वेळ, ठेवतो. संथ लिमिटरचा अटॅक सेकंदांत, रिलीज त्याहून सावकाश. स्वस्तातल्या प्रोसेसरला एका आउटपुटला एकच लिमिटर मिळतो, तेव्हा कॉम्प्रेसरला संथ लिमिटर करायचा, चालतो.

आता मशीन, कारण प्रश्न तोच होता. ११० व्होल्ट स्वच्छ निघाले पाहिजेत. दोन बेस एका चॅनेलला लावले की चार ओहम, आणि ११० चा वर्ग भागिले चार, तीन हजार वॅट. म्हणजे चार ओहमला चॅनेलमागं तीन हजार देणारं मशीन, आठ बेसला असे चार चॅनेल. दुकानदार सांगेल, चार बेस एका चॅनेलला लावा, दोन ओहमला मशीन आणखी दणकट चालतं. मशीन चालेल, केबल खाईल. अडीच स्क्वेअर मिलीमीटरची तीस मीटर केबल, जाऊन-येऊन साठ, तिचाच रोध ०.४ ओहम. दोन ओहमच्या लोडला स्पीकरला मिळायचे वॅट त्या केबलपायी जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतात. चार ओहमलाही अठरा टक्क्यांनी कमी होतात, म्हणून मशीन बेसच्या शेजारी ठेवा आणि लांब केबल सिग्नलची ओढा.

कागदावरचा तीन हजार खरा का, हा पुढचा प्रश्न. बरीच मशीन ते वॅट एक किलोहर्ट्झला आणि क्षणभरासाठी देतात, वीस मिलीसेकंद. टॉपला ते पुरतं. बेसचा एक ठोका त्यापेक्षा लांब असतो. मी दुकानात ५० हर्ट्झचा टोन आणि मीटर घेऊन जातो, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. नामांकित परदेशी मॉडेलची हुबेहूब नक्कल असलेली मशीनही बाजारात आहेत, तोच चेहरा, तीच जाळी. काही चांगली चालतात, काहींत आत काय आहे ते देव जाणे. माझी एकच अट, आउटपुटला डीसी प्रोटेक्शन खरंच असलं पाहिजे. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की मशीन अख्खा डीसी स्पीकरवर सोडतं, आणि तिथं कुठलाच प्रोसेसर कामाला येत नाही, कारण तो मशीनच्या आधी बसलाय. मशीनच्या पाठीवरचं क्लिप लिमिटरचं बटण चालू ठेवा, पण त्याला फक्त मशीनची मर्यादा माहीत आहे, स्पीकरची नाही.

कमी वॅटच्या मशीननं स्पीकर जळतो, हे आमच्याकडे प्रत्येक साउंडवाल्याच्या तोंडी आहे. अर्धं खरं. पाचशेचं मशीन पूर्ण कोंबून क्लिप केलं की ते हजाराच्या आसपास द्यायला लागतं, आणि ती उष्णता स्पीकरला मारते. क्लिप न करता वाजवलं तर पाचशेचं मशीन हजाराच्या स्पीकरला आयुष्यभर काही करणार नाही. फक्त मंडळ पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावेल.

विजेच्या लाइनचं वेगळं प्रकरण. खानापूर तालुक्यात वाडीच्या शेवटच्या खांबावर यात्रेच्या रात्री मी १७५ व्होल्ट मोजलेत. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या जड मशीनचा आवाज तिथं लाइनबरोबरच बसतो. पीएफसीवालं (पॉवर फॅक्टर करेक्शन असलेलं) हलकं मशीन तेवढ्यातही सांभाळून घेतं, म्हणून जास्त पैसे पडले तरी गावाकडं फिरणाऱ्यानं ते घ्यावं. आणि जनरेटर आला की न्यूट्रल आधी हातानं घट्ट करा, नंतर मीटरनं बघा. थ्री फेजचा न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकतात. मग बेसचं सोडा, मंडपातले दिवेही जातात.

या सगळ्या आवाजाला आमच्याकडं डॉल्बी म्हणतात, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. रे डॉल्बी या माणसानं १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. दुसरी गंमत पोलिसांच्या मीटरची. कायद्यातले आकडे डीबी-ए मध्ये आहेत, वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५. ए म्हणजे कानाच्या सवयीप्रमाणं खालचा आवाज वजा करून मोजणं, आणि ५० हर्ट्झला ते तीस डीबी वजा करतं. म्हणजे खिडक्या हादरवणारा बेस मीटरवर जवळजवळ दिसत नाही, किंचाळणारा टॉप दिसतो. म्हणून काही ऑपरेटर टॉप कमी करून बेस चढवतात. मला हे पटत नाही. माझ्या शेजारी झोपाळ्यावर एक आजी बसलेल्या असतात, त्यांना मीटर नाही, छाती आहे.

रविवारी तो पोरगा वडगावला आला, एक मशीन ट्रायलला घेऊन. स्पीकरच्या केबल काढल्या, ५० हर्ट्झचा टोन लावला, मशीनच्या आउटपुटला मल्टिमीटर एसीवर. शंभर व्होल्टच्या पुढं तिथं हात लावायचा नसतो हे त्याला दोनदा सांगितलं. मशीनचे नॉब पूर्ण उघडे ठेवले, कारण नॉब कमी केल्यानं मशीनची ताकद कमी होत नाही, फक्त लिमिटरचं गणित चुकतं. ३२ डीबीचं मशीन, ११० भागिले चाळीस, पावणेतीन व्होल्ट, ११ डीबीयू. प्रोसेसरमध्ये ११ टाकलं, टोन चढवत नेला. मीटर १११ वर जाऊन थांबला. फेडर आणखी वर, मीटर तिथंच. पोरगा मीटरकडं असा बघत होता जसा पहिल्यांदा थर्मामीटर बघावा.

मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "काका, यात्रेत कोण येऊन नॉब फिरवला तर?" मी चारही नॉब ओढून काढले. ते आता आमच्या तात्यांच्या जुन्या चुन्याच्या डबीत, माझ्या कपाटात आहेत. न्यायला तो अजून आलेला नाही.